हमीपत्राचा उजवा कौल

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि परवा भर दुपारी तुम्ही माझ्या ऑफिसात बोललात. 'येडो झालंस काय रे?' म्हणाल. म्हणा. मी डॉक्टर आहे, मलाही तेच वाटलं.

हल्ली मी एका मेडिकल कॉलेजात शिकवतो आणि ॲडमिशनच्या दिवसांत मुलांचे कागद तपासायला बसतो. त्यात एक हमीपत्र असतं, आधीच्या कॉलेजाने शिस्तभंगाची कारवाई केली होती का, आणि खाली पालकांची सही. सगळे 'नाही' लिहितात. परवा एका मुलीने 'होय' लिहिलं होतं. बारावीत वर्गातल्या मुलीला मारलं, महिनाभर निलंबन. खाली आईची सही. मला तिचा रागच आला. अगं बाई, एवढ्या मार्कांवर पाणी सोडायला निघालीस, कोण बघायला येतंय? मी कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तेवढ्यात तिच्या शेजारून आवाज आला, "सायबानू, खरां लिवल्यान तर पोरीची सीट जायत काय ओ?" मी मान वर न करताच म्हटलं, "वडलांना सांग, जरा धीर धरा." ती गोंधळली. "सर, माझे बाबा नाहीत. मी एकटीच आलेय." शेजारची खुर्ची रिकामी होती. आणि तरी तिथून खोकला आला, गिरणीतल्या कापसाने तुम्हाला दिलेला, दोनदा कोरडा आणि तिसऱ्यांदा गिळलेला. तो खोकला मी झोपेतही ओळखेन. मी कोरा फॉर्म मागे घेतला आणि तिला म्हटलं, "राहू दे. हेच राहू दे."

तुम्हाला आठवत असेलच, अकरावीत मी वर्गातल्या एकाला मस्करीत प्राणिशास्त्राच्या खोलीत कोंडलं होतं. बरण्यांत ठेवलेले साप आणि तो, अख्खी दुपार. बाहेर आला तो आठवडाभर बोललाच नाही. मला पंधरा दिवस कॉलेजातून काढलं आणि तुम्ही प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये हात जोडून उभे राहिलात. पुढे मेडिकलला नंबर लागला आणि हेच हमीपत्र आपल्या घोडपदेवच्या खोलीत आलं. तुम्ही पेन हातात धरून बसलाय. "खोटां कसां लिवचां रे?" मी रडतोय, "बाबा, सीट जाईल ना!" मग तुम्ही म्हणता, देवाक इचारूया. गावाला कौल गुरव लावतो, इथे चाळीत गुरव कुठला? तुम्हीच नारळावर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवता. डावी पडली तर खरं लिहायचं, उजवी पडली तर 'नाही'. आणि हंडा घेऊन नळावर जाता, कारण पाणी जायची वेळ झालेली असते.

परत आलात तेव्हा उजवी खाली होती. तुम्ही हंडा न उतरवताच डोळे मिटलेत. "देवान उजवो दिल्यान." मग सही केलीत, सावकाश, एकेक अक्षर. त्यानंतर तुम्ही कधी त्याचा विषय काढला नाहीत. शेवटच्या आजारपणात मात्र हॉस्पिटलातल्या प्रत्येक नर्सला सांगत सुटला होतात, "माझो झील देवाक इचारून डॉक्टर झालो." मी तिथेच उशाशी उभा असायचो.

त्या मुलीसाठी मी ॲडमिशनच्या समितीपुढे बोललो. काल निकाल लागला. सीट कायम, फक्त एक ताकीदपत्र. बस्स, एवढंच. बाबा, माझंही कदाचित एवढ्यावरच भागलं असतं, आणि तुमची सही खोट्याखाली गेली नसती. समितीत मी तिची बाजू मांडली, स्वतःबद्दल अवाक्षरही काढलं नाही. हा कागदही कुणाला दाखवणार नाही. परवापासून त्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही, लोक विचारतात तेव्हा खुर्चीचा पाय मोडलाय म्हणून सांगतो.

तुम्ही नळावर होतात तेव्हा डावी पाकळी पडली होती. मी ती बोट ओलं करून परत चिकटवली आणि उजवी नखाने पाडली.