फळ्यावरचा एक तास

हॅलनबरो
बुधवार, दुपार

प्रिय जॉस,

तुझा फोन समुद्रात गेला आणि तुझी आई आमच्यापैकी कुणाचाच निरोप तुझ्यापर्यंत पोचू देत नाही, म्हणून हा कागद. तुझ्या मावशीचा पत्ता ऑफिसातल्या मिसेस डॉसनकडून मिळवला. “पत्र लिहितेस? तुमच्या पिढीला तिकीट कुठं चिकटवतात ते तरी ठाऊक आहे का गं?” असं म्हणून त्यांनीच पाकिटावर पहिल्या दर्जाचं तिकीट लावून दिलं. पाचच्या आत पेटीत पडलं तर उद्या सकाळी तुझ्या हातात असेल. उद्याच असायला हवं. परवा, शुक्रवारी, एअरी सरांची चौकशी आहे. त्यात जे ठरेल त्यानंतर ते कुठल्याच शाळेत उभे राहू शकणार नाहीत, असं सगळे आत्तापासूनच बोलतात.

मी आपल्या कॉमन रूममध्ये, खिडकीजवळच्या फाटक्या सोफ्यावर बसले आहे. बुधवारची दुपार म्हणजे इथं चिटपाखरू नसायचं. कुणी स्वयंपाकाच्या वर्गाला, कुणी वादविवादाला, कुणी वृद्धाश्रमात डॉमिनो खेळायला, आणि तुम्ही बारा जण बूट बांधून, ओहोटीच्या वाळूवरून चालत बेटाकडे. आता चौकशी होईपर्यंत सगळे उपक्रम बंद आहेत. त्यामुळे सिक्स्थ फॉर्मची, शेवटच्या दोन वर्षांची, सगळी मुलं इथंच बसून असतात. किटली उकळून बंद होते, पण चहा करायला कुणी उठत नाही. वृद्धाश्रमातून मागच्या आठवड्यात फोन आला होता. एक आजोबा विचारत होते, “आमची पोरं आली नाहीत. आमचं काही चुकलं का?”

नीव अजून प्रेस्टनच्या रुग्णालयात बेशुद्धच आहे. आज एकविसावा दिवस. सोमवारी तिची बोटं हलली म्हणतात, पण डॉक्टर म्हणाले त्यावरून काही धरून चालू नका. तिची आई परवा शाळेत आली होती. तिला नीवची उपक्रमवही हवी होती. त्या दिवसाच्या पानावर नीवनं नुसती तारीख घालून ठेवली होती, परत आल्यावर लिहायचं म्हणून. आईनं ते कोरं पान बराच वेळ पाहिलं आणि वही पिशवीत घातली.

समोरच्या भिंतीवर फळा आहे. सरांनी पुसला तसाच आहे. एकाच कोपऱ्यात, कधीच न पुसल्या जाणाऱ्या शाईत, ते “+१” उरलंय. आपण दोघंही त्यावर कितीदा हसलो असू. बीॲट्रिक्सनं गेल्या वर्षी फळ्याचं काम माझ्याकडे सोपवलं तेव्हा खडूच्या डब्याबरोबर हाच मंत्र दिला होता. बंदराच्या पिवळ्या पुस्तकात भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर हिवाळी घड्याळाच्याच असतात. मार्चअखेर घड्याळं पुढं गेली की प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. “विसरलीस तर पोरं बुडतील हं,” ती म्हणाली होती, आणि दोन्ही हात वर करून बुडण्याची नक्कल केली होती. तिच्या आधीच्या मुलीनं तिला तेच सांगितलं होतं. माझ्या गुडघ्यामुळे मला चालणाऱ्यांच्या गटात घेता येत नव्हतं, म्हणून सरांनी मला हे काम दिलं. दर सोमवारी त्या आठवड्याची वेळ लिहिताना मी ते कधी विसरले नाही. त्या सोमवारीही विसरले नाही.

या वर्षी बंदरावरची पिवळी पुस्तकं विकून संपली होती. सरांनी पेट्रोल पंपावरून निळं आणलं. निळ्यात एक तास आधीच मिळवलेला असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात तसं लिहिलंय. बुधवारची ओहोटी पुस्तकात होती दोन दहाला. मी फळ्यावर लिहिली तीन दहा. सर नेहमी म्हणायचे, “फळा म्हणजे फळा. त्यावर दोघांनी डोकं चालवलं की गोंधळ होतो.” ते फळा बघायचे, पुस्तक नाही.

तू मावशीकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मला सांगितलंस ते रोज आठवतं. तीन वाजता तुम्ही बेटाच्या भिंतीला टेकून चहा पीत होता, वारा अजिबात नव्हता. खालच्या वाळूत एक पन्हळ होती, मघाशी तुम्ही ती कोरडी ओलांडली होती. तिच्यात आता पाणी होतं, आणि त्यावरचा फेस बेटाच्या दिशेनं सरकत होता. तू विचारलंस, “सर, ते पाणी येतंय की जातंय?” सरांनी घड्याळ पाहिलं. “अजून दहा मिनिटं ओहोटीच आहे. बिस्कीट खा, पॅटिसन.” नीव म्हणाली, “याला आंघोळीच्या टबाचीही भीती वाटते,” आणि सगळे हसले. तूही हसलास. तू म्हणालास, हसता हसता तुला दिसलं की मागची वाटही पाण्यानं चकाकतेय.

पुढचं मी इथूनच ऐकलं. आधी भोंगा, मग हेलिकॉप्टर. संध्याकाळी पाचला सर एकटे या खोलीत आले. छातीपर्यंत भिजलेले, एका पायात बूट नव्हता. त्यांनी नीवला मधल्या खाडीतून पाठीवर आणलं होतं, आणि ती नुकतीच अँब्युलन्समधून गेली होती. मी दाराशी उभी होते. त्यांनी फळा वाचला. दोनदा वाचला असावा. मग ओल्या बाहीनं सगळा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी जा, मार्था. तुझी आई वाट बघत असेल.” त्यांच्या जबाबात एकच वाक्य आहे: वेळ ठरवणारा मी होतो.

आणि तुझ्या जबाबात आहे की फळ्यावर दोन दहाच लिहिलं होतं, सरांनी वाचण्यात चूक केली. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं. “फळा तू लिहितेस. जॉस म्हणतो ते बरोबर आहे ना?” मी हो म्हटलं. तू माझ्यासाठी खोटं बोललास हे मला तिथंच कळलं. माझं अक्षर तू लांबूनही ओळखतोस, तीनचा आकडा मी कसा काढते त्याची चेष्टाही करतोस. तुम्ही दोघांनी मला वाचवलं, जॉस. फक्त सरांनी स्वतःला पुढं करून वाचवलं आणि तू सरांना पुढं करून. यात तुला मी दोष देत नाही. देण्याचा अधिकारही नाही.

पण फळ्याचा फोटो आहे. तुला माहीत आहे, सरांचा नियम: पुरावा नाही तर उपक्रम झाला नाही. माझा उपक्रम फळा लिहिण्याचा, म्हणून दर सोमवारी लिहून झालं की मी फोटो काढते आणि वहीत चिकटवते, विद्यापीठाच्या अर्जासाठी. त्या सोमवारचा फोटो मी चिकटवलेला नाही. तो फोनमध्ये आहे, सकाळी आठ पन्नासला काढलेला. तीन दहा स्वच्छ वाचता येतं.

एवढंच असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं, फोटो देऊन मोकळी झाले असते. चूक होते, आणि तुम्हा दोघांना वाटतं की मी नुसती चुकले. त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी मिसेस गॅसकार्थच्या दुकानात चिप्स घ्यायला गेले होते. त्यांच्या दाराशी पाटी असते, गळ टाकणाऱ्यांसाठी. त्यावर लिहिलं होतं, ओहोटी दोन दहा. व्हिनेगर मारता मारता त्या म्हणाल्या, “तुमची पोरं जायची ना आज? सांग त्यांना, चहाबिहा करत बसू नका, बेटाला हात लावून परत फिरा.” मी परत आले तेव्हा तुम्ही फाटकाशी होता. तू खाली बसून नीवच्या बुटाची नाडी बांधत होतास, आणि तिनं तुझी टोपी घातली होती. सरांनी डोकी मोजली, बारा. मग मला पाहून त्यांनी विचारलं, अगदी सहज, “काय मार्था, फळा पक्का?” माझ्या हातात गरम पुडा होता. दोन दहा माझ्या तोंडाशी होतं. बोलले असते तर तू वर बघितलं असतंस, आणि सगळ्यांसमोर मी चुकलेली ठरले असते, तिच्यासमोर. मी म्हटलं, “पक्का, सर.” उद्या दुपारी तीन वाजता मी मुख्याध्यापिकांना भेटणार आहे. फोटो देईन आणि फाटकाशी काय झालं तेही सांगेन. तुझा जबाब त्यानंतर खोटा ठरेल. म्हणून हे पत्र सकाळी पोचायला हवं होतं. तीनच्या आत शाळेत फोन कर आणि तो स्वतः मागे घे. माझ्यासाठी आता काही लपवू नकोस. वेळ होती तेव्हा मी तुला वेळ दिली नाही. ही आज देते आहे.

तुझीच,
मार्था