जठारपेठचं बाथरूम, ड्रमांसकट

३ एप्रिल
अमरावतीत आज विकाऊ घरांचे फोटो: तीन फ्लॅट, तीन बाथरूम. रोजचंच. बादल्या बाहेर, ओले टॉवेल बाहेर, कमोडचं झाकण खाली, आरशात मी दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून वाकडी. कंबर गेली कामातून. ब्रोकर पप्पूभाऊचं एकच पालुपद, "ताई, घर बाथरूमवर विकल्या जाते."
उद्या अकोला. जठारपेठेत रिटायर सर नि काकू. मुलगा पुण्याला, घर विकून दोघांना नेतो म्हणतो.

४ एप्रिल
झालं! बाथरूममध्ये दोन निळे ड्रम, काठोकाठ. फोटो कुठून घेऊ, कप्पाळ?
"काकू, हे रिकामे..."
"काल नळ आले. आता पाच दिवस नाई. भरलेलं पानी फेकू काय? तूच सांग माय."
काय सांगणार! पन्हं प्याली, बाकीच्या खोल्या काढल्या. सर म्हणाले, "ड्रम खाली झाले की फोन करतो बेटा." गोड म्हातारा.

९ एप्रिल
सरांनी बोलावलं म्हणून गेली. ड्रम काठोकाठ! नळ कालच आले, हे सरांना माहीत नव्हतं? चिडलीच मी. काकू फाटकापर्यंत आल्या, हात धरला.
"रागावू नोको. नळ नाई आले तरी शेजारच्या बोअरचं आनून भरीन मी. सरांले नातवाजवळ जायचं आहे. मले नाई जायचं. पन त्यांच्या तोंडावर नाई म्हनवत नाई. खबरदार त्यांले सांगशील तर!"
राग कुठल्या कुठं.

१२ एप्रिल
पप्पूभाऊ तापला. "परवा त्यांचा पोरगा येते, सौदा ठरवाले. उद्या फोटो दे, नाईतर दुसरा मानूस पाठवतो."
नळ उद्या, म्हणजे ड्रम आज तळाला असणार. न सांगता गेली. काकू देवळात. सर बनियनवर, लंगडत, शेजारून बादली आणून ड्रममध्ये ओतून राहिले! त्या गुडघ्यांनी!
"हळू बोल. नातवाचं नाव घेतलं की तिचा चेहरा खुलते. मले इथंच राहायचं आहे, पन तिले कसं सांगू? तूबी सांगू नोको. शप्पथ आहे."
गाडीत बडनेऱ्यापर्यंत एकटीच हसत. मग डोळे भरले. जायचं दोघांनाही नाही, नि एकमेकांसाठी घर विकून बसतील की हो हे.

१३ एप्रिल
शपथ मोडली नाही. दोघांना बाथरूममध्ये उभं केलं, हातात एकेक मग दिला. "ड्रममधलं पाणी ओतून टाका दोघं मिळून. फोटो काढते नि जाते."
कोणाचाच हात हलेना.
"तुमी ओता."
"तू ओत आधी."
मी उगाच ट्रायपॉडशी खुटखुट.
शेवटी सर, अगदी हळू, "मी दोनच बादल्या आनत होतो. तरी ड्रम काठोकाठ कसा राहते, हेच नाई समजून राहिलं."
"बाकीचं मी आनत होती," काकू म्हणाल्या, नि हसता हसता रडायलाच लागल्या. सरांनी ड्रममधलंच मगभर पाणी पुढं केलं, तोंड धुवायला. तेवढ्यात मी क्लिक केलं.
निघताना मागून,
"पोराले कोन सांगन?"
"तू सांग. आई आहेस."
"वा! अन तुमी कोन?"
फाटकाबाहेर येईस्तोवर भांडण ऐकू येत होतं.
पप्पूभाऊचे सात मिस्ड कॉल. जठारपेठच्या बाथरूमचा माझ्याजवळ तेवढाच एक फोटो आहे.