कॉलरीत शिवलेला मधुमेह

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (बिडी सोडली का, हे विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे.) इकडे मी ठीक. सध्या निवांत पडूनच असतो.

तू रागावली आहेस. रागावशील नाही तर काय! पण ताई, माझं नेमकं कुठं चुकलं ते मला अजून कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की, तुम्ही एकटे राहता, साखर कधीही खाली जाते, तेव्हा आजाराची चिठ्ठी कायम खिशात ठेवा. ठेवली. ती शर्टाबरोबर धुतली गेली. दुसरी केली, ती दुसऱ्याच पँटीत राहिली. तेव्हा मला (तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला सुचू नये तेच) सुचलं, की खिसा बदलतो, कागद विरघळतो, कॉलर मात्र मानेला धरून असते. म्हणून कापडी लेबलं विणून घेतली: 'मला मधुमेह आहे. असंबद्ध बोलू लागलो तर लगेच साखर द्या आणि ताईला कळवा', खाली तुझा नंबर. आता लेबलवाला शंभराच्या खाली विणून देत नाही आणि माझे शर्ट आठ. उरलेली ब्याण्णव मी एका डब्यात ठेवली. तो डबा नेमका दुकानाच्या लेबलांचा निघाला. (की तो दुकानाचा आहे हे बघूनच मी ठेवली? देव जाणे, आठवत नाही.)

आमचे काज-बटणवाले काका लेबल वाचत नाहीत, हातानं चाचपून लावतात. समोरच्या हॉटेलातल्या वाढप्यांची चौदा जाकिटं शिवून तयार होती. काकांनी चौदाही वाढप्यांना मधुमेह लावून दिला.

पुढचं तू भोगलंसच. पहिला वाढपी ओल्या फरशीवर घसरून बेशुद्ध पडला आणि तू रडत रडत दोन बस बदलून आलीस, तर खाटेवर बावीस वर्षांचा भरघोस मिशांचा गडी! (तरी तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास म्हणे. तो अजून तुझी चौकशी करतो.) दुसरा तर चांगला धडधाकट होता. गिऱ्हाइकाशी भांडताना काहीबाही बोलला, तेवढ्यावर चौघांनी धरून त्याच्या तोंडात साखर कोंबली आणि तुला फोन लावला. तू अर्ध्या वाटेवरून परत गेलीस. त्यामुळे बुधवारी तिसरा फोन आला तेव्हा 'असले भाऊ मला चौदा आहेत, त्यातला कुठला ते आधी ठरवा' असं म्हणून तू फोन आपटलास, ते बरोबरच केलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

जाकिटं परत मागवली आहेत. नऊ उसवून झाली, बाकीची इथून सुटलो की बघतो.

तुझा,
धाकटा

ता. क. बुधवारचा फोन माझा होता. पाच जाकिटं उसवायची राहिली होती, तेवढ्यात माझी साखर उतरली आणि मी बरळू लागलो. काकांना वाटलं, हा रोजच्यासारखाच बोलतोय, म्हणून दवाखान्यात आणायला उशीर झाला. तू फोनवर बोललीस ते मला खाटेवर ऐकू येत होतं. हाक मारावी म्हटलं, जीभच वळेना. फार वाईट वाटलं गं. आता दवाखान्याचा नंबर तू उचलत नाहीस आणि घरचं माणूस आल्याशिवाय हे लोक मला सोडत नाहीत.

आणखी एक. हे पत्र इथल्या नर्सबाईंनी वाचलं आणि काही न विचारता मला साखरेचं पाणी पाजलं.

शेवटचं. हे पत्र पंधराव्याच कुणाचं आहे असं वाटलं, तर येऊन माझ्या डाव्या कोपराजवळचा डाग बघ. तू खेळता खेळता इस्त्री टेकवली होतीस आणि आईला आपण दोघांनी चहा सांडला म्हणून सांगितलं होतं. ते कुठल्याच लेबलावर नाही. ये.