पिशवी बदलताना खिडकी लावायची असते

प्रिय धाकट्या,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. सिनेमा कसा वाटला म्हणून तू फोनवर विचारत राहिलास आणि मी दर वेळी ‘बरा आहे’ म्हणून फोन आईच्या हातात दिला. ती समोर बसलेली असताना मी काय बोलणार? शिवाय बोलायला लागलो की माझा गुंता होतो, तुला ठाऊक आहे. शाळा अर्धवट सुटली खरी, पण लिहिताना निदान थांबता येतं. तेव्हा खरं लिहितो. मला तुझ्या सिनेमाची किळस आली.

तुझी आजारी बाई केस मोकळे सोडून खिडकीशी बसते. कातडी कशी लोण्यासारखी! इथे तुझ्या आईच्या पायांवर खाजवून खाजवून खपल्या धरल्यात. त्या बाईच्या पोटातल्या नळीला पिशवी लावलेली, आणि शेजारी पडदा फडफडतोय, डोक्यावर पंखा गरगरतोय. अरे, तू याच घरात वाढलास ना? आईची मूत्रपिंडं गेली तेव्हापासून पोटात पिशवीतलं पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढायचं, हाच आपला संसार. पिशवी बदलताना खिडकी लावायची, पंखा बंद, तोंडाला मास्क, घामाने निथळलो तरी दार उघडायचं नाही. मागे एकदा जंतू शिरून पोटातून गढूळ पाणी आलं, तेव्हा ती उशी दातात धरून कण्हत होती, विसरलास? ते पाणी मी संडासात ओततो तेव्हा जो वास येतो, तो सिनेमात कुठे आहे? तुझा नट बायकोच्या उशाशी बसून कविता म्हणतो. मी जन्मात कविता म्हटली नाही. मी म्हणतो, ‘हलू नकोस गं, नळी ओढली जाईल.’ ती म्हणते, ‘हलत नाही हो, श्वास घेतेय. तेवढा तरी घेऊ द्याल?’

मग ती बाई मरते. माझ्या शेजारचा माणूस रडत रडत लाह्या खात होता. मरून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक घेऊन एक पोरगी आईपाशी आली, ‘मावशी, स्वतःला पडद्यावर जाताना बघून कसं वाटलं?’ आई म्हणाली, ‘बरी गेले की.’ सगळे हसले, तूही हसलास. बाहेर आल्यावर मी तुला बाजूला घेऊन विचारलं, जित्या बाईला मारलंस कशाला? तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, ‘आजाराला शेवट नसतो बाबा, सिनेमाला लागतो.’ मोठा शहाणा!

आणि त्यानंतरचं ते. बायको गेल्यावर तुझा नट घरातल्या खिडक्या एकेक करून उघडतो, वारा आत येतो आणि तो हसतो. सबंध सिनेमात पहिल्यांदा हसतो. शेजारीण घरी येऊन आईसमोरच म्हणाली, ‘शेवटी काकांचा चेहरा कसा मोकळा झाला हो!’ तिला मी चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई दुपारची पिशवी घेत नाही. आधी म्हणाली, दमलेय, आज राहू दे. मला वाटलं, खरंच दमली असेल. आता रोजच राहू दे म्हणते. पाय सुजलेत, बोट दाबलं की खड्डा पडतो. मी ओरडलो, हात जोडले, डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. त्यांना ‘हो हो’ म्हणाली आणि कूस बदलली. परवा सकाळची पिशवी लावायला बसलो, हात धुऊन झाले, नळीचं टोपण काढलं, आणि हिने हात लांब करून खिडकीची कडी काढली. कशीबशी नळी झाकली, खिडकी लावली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ती शांतपणे म्हणाली, ‘सिनेमात तुम्ही किती छान हसलात हो. मला कधी दिसलं नाही, आपल्या लेकाला बरोबर दिसलं.’

तिला ती गोष्ट वाटतच नाही रे. तिला वाटतं, तू घरातलं खरं सांगितलंस. मी हजारदा सांगितलं की मला मोकळं व्हायचं नाही. त्यावर म्हणते, ‘तुम्ही तर असंच म्हणणार.’ माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. म्हणून लिहितोय. सिनेमा आवडला नाही एवढ्यासाठी मी एवढी पानं खरडली नसती. तू ये. खिडकी लावून, पंखा बंद करून एक अख्खी पिशवी होईपर्यंत आमच्याजवळ बस, आणि तिच्या तोंडावर सांग की तो हसला कारण तू त्याला हसायला सांगितलंस. बाबा हसले नसते, असंही सांग. आज सकाळचं पाणी मी उजेडाला धरून पाहिलं, अजून स्वच्छ आहे. ते गढूळ व्हायच्या आत ये. कधी निघतोस तेवढं लगेच कळव, आणि फोन केलास तर आईला ‘बाबांनाच दे’ म्हण.

तुझाच,
बाबा