डावीकडून टाकलेला चेंडू

सराव शिबिर, हॉलिस्टन कॉलेज
९ ऑगस्ट १९७६

ती. व्हर्लीनताईस,
नीलीचा सा. न. वि. वि.

तुझ्या वहीतला माझा पत्ता पुन्हा एकदा खोड आणि वरचा लिहून घे. सहा वर्षांत हा पाचवा संघ. तू म्हणशील, हा फुटबॉल खेळतो की टपाल वाटत फिरतो. इथे लांबवर फेकलेला चेंडू धावत जाऊन हातांनी झेलणारे आम्ही नऊ जण आहोत आणि मोसमाला ठेवणार पाच. चौघांच्या जागा पहिल्याच दिवशी ठरल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी आम्ही पाच जण जीव खाऊन पळतोय. त्यात मीच सगळ्यांत म्हातारा, अठ्ठावीस वर्षांचा. सकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, पण हात अजून शाबूत आहेत. माझ्याबद्दल कोच म्हणतो की गॅडिसला वेग नाही, पण जिथे असायला हवा तिथे तो असतो. एवढ्या कौतुकावर माणूस दोन-तीन मोसम काढतो.

गंमत म्हणजे माझ्या खोलीत दिलेला पोरगा आपल्याच गावचा निघाला. एझ्रा मेब्री. आपल्या चर्चमध्ये गाणाऱ्या, सगळं गाव मानाने मिस अर्डीलिया म्हणतं त्या आहेत ना, त्यांचा धाकटा. आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि असा पळतो की बघणाऱ्याला हेवा करायचंही सुचत नाही. मला दादा म्हणतो आणि माझ्या ताटातला मक्याचा पाव न विचारता उचलतो. पहिल्या आठवड्यात आईच्या आठवणीने दोनदा रडला, हे मिस अर्डीलियांना सांगू नकोस. समोरच्याला खांद्याने कसं चकवायचं ते मी त्याला शिकवतो. दुसऱ्या दिवशी तो ते माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवतो. काल त्याने मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली, कोणाला न सांगण्याच्या अटीवर. म्हणून लिहीत नाही.

आईला सांग, तिने दिलेलं तेल रोज चोळतो. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
नीली


लोअरी स्प्रिंग्ज, मिसिसिपी
१८ ऑगस्ट १९७६

चि. नीलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्त्यांनी माझ्या वहीतलं एक पान भरलं. आता आत्येभावांसाठी राखलेल्या पानावर घुसलायस. तेवढ्याने संपव, पुढे माझ्या मैत्रिणी सुरू होतात.

सोमवारी शाळा उघडतेय. या वर्षी तिसरीत चौतीस मुलं आणि बाकं अठ्ठावीस. आईची तब्येत बरी आहे. टीव्हीवर तुझा संघ दिसला की ती शेजाऱ्यांना गप्प बसवते, आणि तू बाकावर बसलेला दिसलास तरी तिला खेळ पाहिल्यासारखं वाटतं.

एझ्राचं मी रविवारी मिस अर्डीलियांना सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या की तुझ्या भावाला लिही, माझं लेकरू मी त्याच्या हवाली केलंय. मी शब्द दिला. तुझ्या वतीने दिला, तेव्हा तो तू पाळायचास.

एक विचारू का? उरलेल्या एका जागेसाठी पाच जण म्हणतोस, त्यात तू आहेस आणि तोही आहे, असंच ना? मग त्याला इतकं मन लावून शिकवतोस ते कसं? आईला विचारलं तर म्हणाली, नीली पहिल्यापासून वाटून खाणारा. तसं असेल तर मला अभिमानच आहे. पण रात्री झोप लागते ना तुला?

तब्येतीची हेळसांड करू नकोस, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
व्हर्लीन


सराव शिबिर, हॉलिस्टन कॉलेज
४ सप्टेंबर १९७६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी राहिलो. पाचवी जागा मला मिळाली. आईला आधी तेवढं सांग.

एझ्रा घरी येतोय. मंगळवारी सकाळी सहाला दार वाजलं. इथे एका माणसाचं कामच ते आहे. ज्याला काढायचं त्याच्या दारावर टकटक करायची आणि म्हणायचं की कोचने बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही मागितली की समजायचं. मी ती चारदा परत केलीय, त्यामुळे टकटक ऐकताच उठून बसलो. एझ्राला वाटलं मलाच बोलावणं आलंय. त्याचे डोळे भरून आले, माझ्यासाठी. मग त्या माणसाने त्याचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी त्याचे डोळे पुन्हा तपासले. डाव्या डोळ्याने त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. लहानपणी कुंपणाची तार लागली होती. जुलैतल्या तपासणीत त्याने तक्त्यावरची अक्षरं पाठ करून म्हणून दाखवली होती. या वेळी तक्ता दुसरा होता.

बसपर्यंत त्याची बॅग मी नेली आणि माझा चांगला कोट त्याला दिला. त्याने माझे आभार मानले. या विषयावर आईजवळ फार बोलू नकोस. मी ठीक आहे. लोभ असू दे.

नीली


लोअरी स्प्रिंग्ज
१९ सप्टेंबर १९७६

चि. नीलीस,
आशीर्वाद.

तू राहिलास म्हणून आईने पीचची गोड पाई भाजून शेजारच्या चार घरांत वाटली. आमच्या वाट्याला कडा आल्या.

एझ्रा परत आलाय. एवढ्या उकाड्यात तुझा कोट घालून आपल्या घरी आला आणि आईच्या पाया पडायचाच बाकी राहिला. दादाने मला सख्ख्या भावासारखं वागवलं, असं प्रत्येकाला सांगत सुटलाय. परवा पाद्रीबाबांनी चर्चमध्ये तुझं नाव घेतलं. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. लाकडाच्या गिरणीत त्याला काम मिळालंय.

आता तुला खटकेल असं लिहिते. मी तिसरीच्या मुलांना शिकवते, नीली. पाठांतर करून उत्तरं देणारी पोरं मला ओळखू येतात, पण तीही कोणी सांगितल्याशिवाय मी दुसऱ्यांदा तपासत नाही. जुलैत पास झालेल्या पोराचे डोळे शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला का तपासावेसे वाटले? एझ्रा म्हणतो, नशीब. तो म्हणतो की ती गोष्ट त्याने घराबाहेर एकाच माणसाला सांगितली होती, आणि तो माणूस तसा नाही.

मला एका ओळीत उत्तर पाठव. उत्तर काहीही असलं तरी तू माझा भाऊच राहशील.

व्हर्लीन


लोअरी स्प्रिंग्ज
१२ मार्च १९७८

चि. नीलीस,
आशीर्वाद.

हे पत्र तुला कुठे गाठेल कोण जाणे. माझ्या त्या प्रश्नाला तू चार पानी पत्र पाठवलंस. त्यात बर्फ होता, चेंडू फेकणारा नवा क्वार्टरबॅक होता, हॉटेलातलं कडक मांस होतं, एक ओळ तेवढी नव्हती. त्यानंतर मी विचारलं नाही आणि तू आईला कार्डं टाकत राहिलास. आधीच्या संघाने तुला काढलं, पुढच्याने सहा आठवडे ठेवलं, हे आम्हाला वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतून कळतं.

आज लिहायचं कारण आनंदाचं आहे, निदान इथे सगळे तसं मानतात. एझ्राचं लग्न झाल्याचं आईने कळवलंच होतं. गेल्या महिन्यात त्याला मुलगा झाला आणि काल त्याचं नाव ठेवलं. कॉर्नीलियस. तुझं नाव, नीली, पूर्ण, कागदावर लिहायचं असतं तसं. एझ्रा सर्वांसमोर म्हणाला की माझी वाईट वेळ आली तेव्हा ज्याने माझी बॅग उचलली त्याचं नाव माझ्या मुलाला असू दे. आई रडली. मिस अर्डीलियांनी बाळ माझ्या हातात दिलं.

मी त्याला घेतलं, आणि कोणाकडे बघावं ते मला कळेना.

जमलं तर लिही.

व्हर्लीन


विनिपेग, कॅनडा
७ ऑक्टोबर १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला चौथ्या पत्त्यावर मिळालं. ते दीड वर्ष बॅगेत आहे. इथे कॅनडात मैदान लांब आणि प्रेक्षक कमी. काल इथल्या कोचनेही वही मागितली. आता कुठे जायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तू बरोबर ओळखलं होतंस.

शेवटच्या आठवड्यात एका सहायक कोचने मला जेवणानंतर थांबवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं की हा तुझा मेब्री कसा आहे. तो वेगवान आहे, मेहनती आहे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. तेवढ्यावर जागा त्याची झाली असती, हे मला कळत होतं. कोच वळून चालायला लागला. मग मी मागून म्हणालो की त्याला एकदा डावीकडून चेंडू टाकून बघा. एवढंच वाक्य. डोळा हा शब्दसुद्धा मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच चेंडू टाकले, त्याला एकही झेलता आला नाही. दुपारी त्याला डॉक्टरकडे नेलं. मी मैदानावर उभा राहून बुटाच्या नाड्या बांधत होतो, सुटलेल्या नसताना.

त्या मोसमात मी नऊ चेंडू झेलले. संबंध वर्षात नऊ. त्यातला एकही सामना जिंकून देणारा नव्हता.

मी स्वतःला तीन वर्षं समजावलं. डावीकडून येणारा माणूस त्याला दिसला नसता, अंगावर आदळून मान मोडली असती, म्हणजे मी त्याला वाचवलंच. हे खरंही असेल. पण तेव्हा माझ्या मनात त्याची मान नव्हती. माझी जागा होती.

त्याने मुलाला माझं नाव दिलं नसतं तर मी हे मरेपर्यंत लिहिलं नसतं, हेही तुला कळू दे. तू माझ्या वतीने त्याला सांगशील का? तुझं ऐकून घेतो तो.

तुझ्या लोभाला मी पात्र आहे की नाही ते तूच ठरव.

नीली


लोअरी स्प्रिंग्ज
१६ ऑक्टोबर १९७९

चि. नीलीस,

नाही, मी सांगणार नाही. मिस अर्डीलियांना तुझ्या वतीने शब्द मी दिला होता. तो मोडल्याची बातमीही मीच द्यायची, हे मला जमणार नाही. त्याचा पत्ता खाली लिहिते. मान मोडली असती वगैरे लिहायचं की नाही ते तू बघ. मी असते तर लिहिलं नसतं.

लिहिलंस ते बरं केलंस. मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि तुझी खोली झाडून ठेवली आहे, दोन्ही.

व्हर्लीन


लोअरी स्प्रिंग्ज
२५ नोव्हेंबर १९७९

श्री. कॉर्नीलियस गॅडिस यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला दादा लिहायची सवय आहे. आज वरची ओळ तीनदा लिहिली.

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गिरणीच्या फाटकाबाहेर उभा होतो, आणि त्या दिवशी आत गेलो नाही. तुमचा कोट मागच्या अंगणात नेऊन जाळावा असं वाटलं. मग तो धाकट्या मेहुण्याला देऊन टाकला. चांगला कोट आहे.

माझी मान मोडली असती असं तुम्ही लिहिता. मोडली असती कदाचित. पण मान माझी होती. त्या खोलीत तुम्ही मला म्हणाला असतात की पोरा, यात जीव जाईल, उद्या मी कोचला सांगणार आहे, तर मी तुमच्याशी भांडलो असतो, तुम्हाला मारलंही असतं, आणि घरी आल्यावर वर्षभराने कदाचित तुमचं ऐकलं असतं. तुम्ही माझी बॅग उचललीत. मी ते तीन वर्षं सगळ्या गावाला सांगत फिरलो.

बायको म्हणते मुलाचं नाव बदलू. मी दोन दिवस विचार केला. तो पावणेदोन वर्षांचा आहे. त्या नावाने हाक मारली की हातातलं टाकून पळत येतो. दुसऱ्या नावाने मारून बघितली, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नाव राहील. मोठा झाल्यावर त्याने विचारलं तर जे झालं ते सगळं सांगेन, शिकवलंत तेही.

व्हर्लीनताई म्हणतात की तुम्ही नाताळला कायमचे परत येताय आणि शाळेच्या मुलांना खेळ शिकवणार आहात. गाव लहान आहे, आपण रोज दिसू. मी वाट बदलणार नाही, तुम्हीही बदलू नका. बोलायचं मात्र मला जमेल तेव्हा मी बोलेन.

माझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ती एकोणसत्तरची आहे. तीन वर्षं झाली, रोज सकाळी चुलीपाशी उभी राहून ती देवाजवळ आधी तुमचं नाव घेते, मग माझं. तुम्ही आलात की ती चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत तुमचे हात धरेल आणि आभार मानेल. बराच वेळ धरून ठेवेल, तिची तशी सवय आहे. तेव्हा हात सोडवून घेऊ नका.

कळावे,
एझ्रा मेब्री