कमळाबाईंची गाणी आणि बंद पडलेली डिस्क

पुसद, मंगळवार संध्याकाळ

सकाळी हार्ड डिस्क टक-टक वाजली आणि बंदच पडली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वॉरंटी आहे, नवी कोरी मिळून जाईल. पण जुनी कंपनीत जमा होते. आतलं काही वापस येत नाही." दुसरा रस्ता नागपूरचा. तिथे डिस्क उघडून पाहतात. पण उघडली की वॉरंटी गेली, आणि गाणी मिळतीलच असं नाही.

गाणी बंजारा तांड्यावरच्या कमळाबाईंची, त्यांच्या गोरबोलीतली. दोन वर्षांपूर्वी होळीला मीच रेकॉर्ड केली. नंतर त्यांना लकवा मारला आणि गाणं सुटलं. दुसरी कॉपी काहून केली नाही मी? शाळेमुळे वेळ नव्हता म्हणू? खोटं. आळस केला.

शाळा सुटल्यावर तांड्यावर गेले. कानात ती टक-टक चालूच. सांगताना मलाच रडू आलं.

बाई अडखळत म्हणाल्या, "कायले रडून राह्यली? माणसाचं अंग बंद पडते, ते तं मशीन हाय." मग दुसरीकडे पाहत, हळूच म्हणाल्या, "मले एकदा माहा आवाज आयकाचा होता."

दोन वर्षांत एकदाही मी त्यांना ऐकवला नव्हता.

तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "बदलून नको. नागपूरला पाठवा."

"वॉरंटी जाईल, मॅडम."

"जाऊ द्या."

बाईंनी विचारलं, "भेटन काय?"

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा मांडायला सुनेला हाक मारली.