कागदाच्या कडेपलीकडे गेलेल्या तारेबाबत

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
संरक्षित वाचनकक्ष (तळघर),
लष्करी संगणक-मोहिमा देखरेख उपसमिती,
वॉशिंग्टन.

विषय : अर्जदाराने स्वतः लिहिलेला प्रश्न अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले नकाराचे पत्र, ज्याचा क्रमांक अर्जदारास सांगता येत नाही असे त्याच पत्रात म्हटले आहे.

महोदय,

१. सविनय सादर की, फेब्रुवारीतील मोहीम पूर्णपणे यशस्वी झाली. हे वाक्य आपण वाचले असल्यास कृपया न वाचल्यासारखे करावे. अशी कोणतीही मोहीम झालेली नाही. न झालेल्या मोहिमांवर लोकप्रतिनिधींची नजर असावी म्हणून ही उपसमिती आहे. तिच्या सदस्या श्रीमती ग्लेंडा हॉस्किन्स (आयोवा) यांचा साहाय्यक म्हणून अर्जदार रोलंड फिट्झह्यू, वय सत्तावीस, तीन वर्षे काम पाहत होता.

२. परक्या देशाच्या यंत्रणेत संगणकामार्गे शिरून काही बंद पाडले, तर अठ्ठेचाळीस तासांत उपसमितीला लेखी कळवायचे, असा नियम आहे. तो कसोशीने पाळला जातो. सूचना सत्तेचाळिसाव्या तासाला येते, आणि तो तास बहुधा शुक्रवारी दुपारी पडतो, जेव्हा सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात. त्या शुक्रवारीही कुलूपबंद पिशवी चार वाजून चाळीस मिनिटांनी आली. मॅडम अंगातला कोट न काढता, सूटकेस दाराबाहेर ठेवून आत आल्या. सूचनेची पाने दोन होती. दुसऱ्यावर नकाशा होता. त्यावर काय होते हे अर्जदार लिहू शकत नाही.

३. मात्र मॅडमचे बोट कुठे होते हे लिहिता येते. बोटाबाबत नियम आहे का, अशी विचारणा अर्जदाराने दारावरचे रखवालदार श्री. मर्विन टिबेट्स यांच्याकडे केली असता, त्यांनी नियमपुस्तक दोनदा चाळून "बोट सापडत नाही" असे सांगितले. सबब नमूद करण्यात येते की, मॅडमचे बोट नकाशावरून उजवीकडे सरकत कागदाच्या कडेला पोहोचले, तिथे थांबले नाही, टेबलावर उतरले आणि कुणाच्यातरी कॉफीच्या जुन्या डागापाशी येऊन थबकले. तिथे कागद नव्हता. मॅडमने त्या डागाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "लिही, पोरा." अर्जदाराने वहीत एक प्रश्न लिहिला. फक्त एक ओळ. मॅडमने खाली आद्याक्षरे घातली. नियमानुसार वही तिजोरी क्र. ४ मध्ये गेली आणि मॅडम विमानाकडे गेल्या.

४. येथे एक माहिती द्यावीशी वाटते, जी गोपनीय नाही, कारण मॅडमने ती जिल्ह्याच्या जत्रेत, हातात भाजलेले कणीस घेऊन, चारशे लोकांसमोर सांगितली होती. त्यांचे कैलासवासी पती हेरॉल्ड गावच्या वीज संस्थेत एकतीस वर्षे लाइनमन होते. दुरुस्तीसाठी खटका पाडण्याआधी ते गाडी घेऊन त्या तारेवरच्या अगदी शेवटच्या घरापर्यंत जायचे, दार वाजवायचे आणि विचारायचे, "घरात कुणी श्वासाच्या मशिनवर आहे का?" लोक हसायचे, म्हणायचे, "हेरॉल्ड, इथे फक्त टीव्ही आहे मशिनवर." तरी पुढच्या वेळी ते पुन्हा जायचे. ही माहिती आणि वहीतील प्रश्न यांचा संबंध अर्जदार जोडत नाही.

५. त्यानंतरच्या मंगळवारी वर्तमानपत्रात दूरच्या एका बंदराच्या गावाची बातमी आली. गावाचे नाव पेपरात आहे, अर्जात नाही. वीज गेल्याने तेथील बाळंतिणींच्या इस्पितळाची ऊब बंद झाली. बाहेर उणे अकरा. कोळ्यांनी माशांच्या पेट्या धुऊन, त्यांत घोंगड्या अंथरून नवजात बाळे डोंगरावरच्या शाळेत पोहोचवली. पेट्या एकोणीस होत्या. शाळेत सतरा बाळे मोजली गेली. दोहोंचा संबंध अर्जदार जोडत नाही. जोडण्याचा अधिकार त्याला नाही.

६. तोवर मॅडम घराच्या पायरीवर बर्फात घसरून पडल्या होत्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होत्या. त्यांनी तिथून, कुणीही ऐकू शकेल अशा साध्या फोनवरून अर्जदारास फोन केला. संभाषण पुढीलप्रमाणे :
"पेपर वाचलास?"
"वाचला, मॅडम."
मग मॅडम म्हणाल्या, "नीट लिहिलंयस ना?"
"लिहिलंय, मॅडम."
"मग कुणाला तरी तो प्रश्न विचारायला लाव."

७. मॅडमने उपसमितीचा राजीनामा दिला, त्याच क्षणी अर्जदाराची गोपनीय कागद पाहण्याची परवानगी संपली. आता वहीची स्थिती अशी आहे की, मॅडमना ती पाहता येत नाही, कारण त्या सदस्या नाहीत. अर्जदारास पाहता येत नाही, कारण तो मॅडमचा साहाय्यक होता. श्री. टिबेट्स यांस तिजोरी उघडण्याचा अधिकार आहे, वही उघडण्याचा नाही. ते म्हणाले, "बाळा, मी बावीस वर्षं या दारावर आहे आणि मला काहीही माहीत नाही. पेन्शन अशीच मिळते." त्यांनी अर्जदारास बरणीतील लिमलेटची गोळी दिली, आणि 'मजकुराची प्रत कोणत्याही स्वरूपात माझ्याकडे नाही' या फॉर्मवर सही घेतली. डोक्यात आहे, त्याचे काय, असे विचारता ते म्हणाले, "डोकं घेऊन बाहेर जायला परवानगी आहे. वापरायला नाही."

८. मॅडमच्या जागी आलेले सदस्य श्री. डग्लस व्हेनेबल यांना अर्जदार उपाहारगृहात भेटला.
"सर, गुरुवारच्या बैठकीत तुम्ही एक प्रश्न विचारायलाच हवा."
"कुठला?"
"तो सांगता येत नाही."
"बरं, मग उत्तर सांग."
"ते कुणालाच माहीत नाही, सर."
"म्हणजे नेहमीसारखीच बैठक की," असे म्हणून त्यांनी केचप मागितला.

९. येत्या गुरुवारी, दि. १८ रोजी, 'अशाच स्वरूपाच्या' पुढील मोहिमांवर उपसमितीने 'हरकत नाही' असा शेरा द्यावयाचा आहे. हरकत घ्यायला प्रश्न लागतो. तो तिजोरीत आहे, आणि त्याची एक बेकायदा प्रत अर्जदार सात आठवडे डोक्यात घेऊन हिंडत आहे. दात घासताना ती आठवते. आईकडे जेवायला गेला असता आईने दिवा मालवला, तेव्हा अर्जदार ओरडला. आई म्हणाली, "काय झालं रे?" अर्जदारास ते सांगता आले नाही.

१०. तरी विनंती की,
(अ) अर्जदारास त्याची एक ओळ आपल्या देखरेखीखाली वाचू द्यावी, किंवा
(ब) डोक्यातील प्रत आपण रीतसर ताब्यात घेऊन पोच द्यावी, म्हणजे ती निदान कुणाच्यातरी कानावर पडेल, किंवा
(क) गुरुवारी ती वही, बंदच, मॅडमच्या जुन्या खुर्चीसमोर ठेवावी, आणि शेरा लिहिण्यापूर्वी सदस्यांनी तिच्याकडे एकदा पाहावे.

यांपैकी काहीच शक्य नसेल, तर अखेरची विनंती अशी की, पुढच्या वेळी नकाशा छापताना कागद थोडा मोठा घ्यावा. तार जिथे संपते, तिथवर.

दाराबाहेर थांबलेला,

(सही)
रोलंड फिट्झह्यू
दि. १५ एप्रिल

सोबत :
१. वर्तमानपत्राचे कात्रण (गावाचे नाव अर्जदाराने स्वतः काळे केले आहे, आपला वेळ वाचावा म्हणून).
२. कोरा कागद, मोठ्या आकाराचा, एक.